इशापूरची बंदूक, बिस्लेची चांदमारी

जुनी लष्करी बंदूक काचेच्या कपाटात पाहून माझं मन भरत नाही. दस्ता खांद्यात कसा बसतो, बोल्ट ओढताना तळहाताला काय जाणवतं, हे कपाटातून कळायचं नाही. म्हणून इंग्लंडात, सरे परगण्यातल्या बिस्लेला, एका संग्राहक मित्राने त्याची १९१४ सालची ली-एनफिल्ड चाचणीला काढली, तेव्हा मी हौसेने बरोबर गेलो. १८९० पासून इथे चांदमारी चालते.

बंदूक इशापूरची, हुगळीकाठच्या कारखान्यातली. दस्ता जिथे बसतो त्या पोलादी पट्ट्यावर मुकुट आणि राजाची अक्षरं. मॅगझिनमधली दहा काडतुसं राखून एकेक हाताने भरता यावं म्हणून तिला एक सरकती पट्टी आहे. डाव्या अंगाला एक तबकडी: अख्ख्या पलटणीने मिळून दूरच्या जमावावर, २,८०० यार्डांपर्यंत, मारा करायचा तो तिच्या आधाराने. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायच्या घाईत हे दोन्ही भाग गाळले गेले. पुढे दुरुस्तीला आलेल्या जुन्या बंदुकांवरूनही ते काढून टाकले. हिच्यावर ते शाबूत आहेत, आणि तिचं दुर्मिळपण त्यातच आहे.

मित्राने आधी नळीतून उजेड पाहिला. पाच आटे, डावीकडे वळत गेलेले, अजून धारदार. बोल्ट आणि काडतूस यांच्यामधली फट मापकाने तपासली. त्याच्या डबीत आमच्या खडकीच्या कारखान्याची, बुडावर के.एफ. ठसा असलेली जुनी काडतुसंही होती. ती मी हातात घेतली, पण झाडायला नवीच वापरली. जुन्यांच्या टोपीतला क्षार ओल ओढतो आणि नळी गंजवतो.

पालथं पडून मी बोल्ट पुढे ढकलला. या बंदुकीत स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट बंद करताना. उघडताना तो अलगद सुटतो, मूठही थोडीच वळवावी लागते. मिनिटात पंधरा नेमके बार, तेही ३०० यार्डांवर, अशी ब्रिटिश शिपायाची कसोटी होती. ती कशी साधत असेल ते मनगटाला आपोआप उमगलं. इशापूरच्या ज्या कामगाराने कानस फिरवून हा बोल्ट जुळवला, त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही. त्याच्या हाताची सफाई मात्र मला स्पष्ट जाणवत होती. दोन्ही महायुद्धांत याच जातीच्या बंदुका मराठा पलटणींच्या खांद्यावर होत्या. सातारा-कोल्हापूरकडच्या, नांगर सोडून आलेल्या पोरांनी हेच वजन, चार किलोच्या आसपासचं, मेसोपोटेमियाच्या उन्हात वाहिलं. माणसं मारायलाच घडवलेली वस्तू ही; तिच्या घडणीचं कौतुक करताना माझा जीव जड होतो, आणि तो तसाच व्हावा असं मला वाटतं.

चाप दाबला. दणका हाडापर्यंत गेला.

शंभर यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, पण सगळ्या मध्यापासून डावीकडे. अशा वेळी नळीच्या टोकाची माशीही डावीकडेच सरकवायची असते. मित्राने पेचाचं हत्यार काढलं, माशी केसभर हलवली आणि मला आणखी पाच काडतुसं दिली.