शिकलं कोण?

मार्च आला की ऑफिसात 'ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करा' अशा मेल्स सुरू होतात. मग जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीभाजी, दुसऱ्या हातात माउस. पुढे, पुढे, पुढे! अशा धड्यांसाठी २००१ साली आलेलं 'स्कॉर्म १.२' हे मानक अजून पुष्कळ ठिकाणी चालतं. धडा संपला का, गुण किती, वेळ किती हे ते नोंदवतं. समोर माणूस होता का, हे त्याला कसं कळणार?

यंदाचा विषय होता कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ. आमच्या मजल्यावर सर्वांकडे प्रमाणपत्र आहे, पण तक्रार समितीत कोण आहे हे एकीलाही सांगता आलं नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे समितीचा आदेश दर्शनी जागी लावायचा असतो. तो लिफ्टशेजारी लावा, असं मी कळवलंय. बघू.