थंड हवेची नळी

अमेरिकेत पिकअप ट्रक चालवणाऱ्या बऱ्याच तरुण पोरांची एक ठाम समजूत आहे. बॉनेटखालचा, हवा गाळणारा काळा प्लॅस्टिकचा डबा काढून टाकायचा आणि तिथे एक चकचकीत जाड नळी व तिच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर बसवायचा. मग म्हणे इंजिनाला थंड हवा मिळते आणि ते जास्त जोर करतं. ह्या सरंजामाला 'कोल्ड एअर इनटेक' म्हणतात. किंमत साधारण तीनशे ते साडेचारशे डॉलर.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला हे उद्योग कशाला? तर सध्या मी मुलीकडे आहे, टेक्सासात, सॅन अँटोनियोला. माझ्या एकोणीस वर्षांच्या नातवाने २०१८ची फोर्ड एफ-१५० सेकंडहँड घेतली आहे. उन्हाळाभर एका दुकानात खोकी उचलून त्याने चारशे डॉलर बाजूला टाकले, ते ह्या नळीसाठी. जावई म्हणाले, पैसे पाण्यात जातील. पोरगा म्हणाला, बाबांना गाड्यांतलं काही कळत नाही. दोन दिवस बापलेकांचा अबोला. तिसऱ्या दिवशी नातू माझ्याकडे आला, "आजी, तू वाच आणि सांग. तू म्हणशील ते." आता असं म्हटल्यावर गप्प कसं बसणार? आठवडाभर चष्मा लावून वाचत होते.

तर मुद्दा असा की मुळातली कल्पना खोटी नाही. चुलीसमोर बसून ज्यांनी फुंकणी फुंकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जळणाइतकीच हवाही लागते, किंबहुना जास्तच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त प्राणवायू मावतो. तापमान तीन अंश सेल्सिअस उतरलं की हवा साधारण एक टक्क्याने दाट होते. म्हणजे गरम हवेऐवजी थंड हवा दिली तर शक्ती वाढायला हवी. इथवर नातवाचं बरोबर.

प्रश्न आहे तो पुढेच. मूळचा डबा गरम हवा घेतो हे ठरवलं कोणी? आजकालच्या बहुतेक गाड्यांत कंपनीच हवेचं तोंड पुढच्या जाळीजवळ किंवा चाकावरच्या पत्र्याच्या आत ठेवते. इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. म्हणजे 'थंड हवा' गाडीत आधीपासून आहेच!

हे पटवण्यासाठी वाद घालत बसण्यापेक्षा मोजून बघू म्हटलं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक ठरावीक सॉकेट असतं. त्यात छोटंसं यंत्र खोचलं की इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान फोनवर दिसतं. नातवाच्या मित्राकडे ते होतं. दुपारी आम्ही दोघं लूप १६०४ वर निघालो. तो गाडी चालवतोय, मी मांडीवर वही घेऊन आकडे टिपतेय. फॅरनहाइटचं सेल्सिअस करणं माझ्याकडे. बाहेर ३६ अंश. हायवेला लागून पाच मिनिटं झाल्यावर आत शिरणारी हवा ४० अंश. सिग्नलला थांबलो की आकडा चढायचा, एकदा पन्नासपर्यंत गेला. निघालो की पुन्हा खाली.

घरी येऊन मी गणित घालून दिलं. ४० आणि ३६ मध्ये २७३ मिळवा; ३१३ भागिले ३०९. वाढ आली सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे उद्या एखाद्या नळीने अगदी बाहेरच्याइतकी थंड हवा आणून दिली, तरी त्याच्या ३९५ अश्वशक्तीच्या इंजिनाला हायवेवर फार तर पाच अश्वशक्ती मिळतील. तीही पाय पूर्ण दाबला तर. नातू वहीकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "पण सिग्नलला पन्नास आहे ना!" चलाख आहे. पण उघडा शंकू तर बॉनेटखालच्या हवेतच बसतो, शेजारी पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा आडोसा असला तरी. थांबलेल्या गाडीत तो मूळच्या बंद डब्यापेक्षा जास्तच गरम हवा ओढू शकतो.

मग दुसरा दावा येतो, की नळी रुंद असल्यामुळे इंजिन मोकळा श्वास घेतं. इथेही थोडं तथ्य आहे. पण पेट्रोल इंजिनात आपण ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो तेव्हा हवेच्या वाटेवरची एक झडप उघडत असतो. साध्या वेगाने जाताना ती झडप अर्धवट बंदच असते. दार अर्धवट लोटलेलं ठेवायचं आणि अंगणाचं फाटक मोठं करायचं, त्याने घरात जास्त माणसं कशी शिरतील? रुंद नळीचा जो काही फायदा आहे तो झडप पूर्ण उघडी असताना, इंजिन जोरात फिरताना. ट्रेलर ओढताना, चढावर माल नेताना पिकअपला जो खालच्या फेऱ्यांतला जोर लागतो तिथे तो फारसा दिसत नाही. टर्बो असलेल्या इंजिनांत तर टर्बोने दाबून तापवलेली हवा थंड करायला इंटरकूलर बसवलेलाच असतो.

विकणारे दहा-पंधरा अश्वशक्तीचे आकडे देतात, ते सगळेच खोटे असतात असंही नाही. गाडी रोलरवर उभी करून मोजतात, बऱ्याचदा बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा. तशी गाडी रस्त्यावर कोण चालवतो? ज्यांनी टर्बोचा दाब वाढवला, इंजिनाचा संगणक नव्याने जुळवून घेतला, त्यांना जास्त हवा खरोखर लागते आणि तिथे अशी नळी उपयोगी पडते. माझ्या नातवाचं इंजिन जसं कारखान्यातून आलं तसंच आहे.

तोट्याचंही थोडं सांगितलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा मोजायला तापलेल्या तारेचा नाजूक सेन्सर असतो. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन पुन्हा तेल घालताना हात सैल सुटला, तर ते तेल त्या तारेवर बसतं आणि मोजमाप चुकायला लागतं. जावयांना वॉरंटीची धास्ती होती. पण इथे १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागामुळे बिघाड झाला हे दाखवावं लागतं. हा मुद्दा मात्र मी नातवाच्या बाजूने टाकला. परीक्षक म्हणून बसल्यावर दोघांचे पेपर सारखेच तपासायचे.

ह्या सगळ्यात नळीपेक्षा कामाची गोष्ट निघाली ती जुना डबा उघडल्यावर! आतला कागदी फिल्टर बहुधा आधीच्या मालकाने कधी बदललाच नसावा. ओकची वाळकी पानं, किडे, धूळ... रंग ओळखू येईना. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये ह्यावर चाचण्या केल्या होत्या. हल्लीच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे पेट्रोल जास्त लागत नाही, कारण संगणक सांभाळून घेतो. पण वेग पकडायला गाडीला जास्त वेळ लागतो. फिल्टर नवा घातल्यावर तो वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. नवा कागदी फिल्टर वीस डॉलरच्या आसपास मिळाला. बसवायला दहा मिनिटं, त्यातली पाच हातातून पडलेली क्लिप शोधण्यात गेली.

आता पोरगा म्हणतो, आजी, गाडी जास्त पळतेय. पळत असेल. मला त्याच्या चेहऱ्यावरून तेवढं कळलं.

राहिला आवाज. कंपनी हवेच्या वाटेवर एक पोकळ कप्पा ठेवते, इंजिनाची घरघर दाबायला. नव्या नळीत बहुधा तो नसतो, म्हणून पाय दाबला की गाडी गुरगुरते, आणि गुरगुरणारी गाडी जास्त जोरात चालल्यासारखी वाटते. मी त्याला सरळ विचारलं, "तुला शक्ती हवी आहे की आवाज?" तो हसला आणि म्हणाला, "आवाज!" मग झालं तर! पैसे त्याच्या कष्टाचे आहेत, आणि आवडीची वस्तू घ्यायला अश्वशक्तीची सबब लागत नाही. गाण्याची पेटी घेताना आमच्या वडिलांना कोणी उपयोग विचारला नव्हता.

थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबायचं ठरलं आहे. पुढे कॅलिफोर्नियात नोकरी शोधायचा त्याचा विचार आहे. तिथे प्रदूषण मंडळाची मंजुरी असलेला भागच चालतो, तेव्हा मंजुरीचा क्रमांक असलेलीच नळी घ्यायची, हे मी वहीत लिहून दिलं आहे. आणि मूळचा डबा फेकायचा नाही. गॅरेजमधल्या फळीवर जावयांनी त्यासाठी जागाही करून ठेवली आहे.