सातपुड्यात भाद्रपदी पाऊस (भाग दुसरा) : ब्राह्मणपुरीहून वर

गुरुवार, ब्राह्मणपुरी

मागच्या भागात आपण शिरपूरला थांबलो होतो, चिंब भिजलेले. आज सकाळी मात्र लख्ख ऊन. शहाद्यापर्यंत रस्ता कोरडा मिळाला आणि तिथून खेतियाच्या दिशेने गाड्या वळवल्यावर दोन्ही बाजूंना केळी, पपई, कापूस, ऊस. चौघांच्या चार गाड्या एकामागोमाग, पण चिखलाच्या ट्रॅक्टरमागे सगळ्यांचा वेग सारखाच. शेतातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीची लांबच लांब पट्टी सोडून जातो. त्या पट्टीवर वरून एक सर आली की साबण बरा. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक विसरायचा, गिअर खाली आणायचा आणि गाडी सरळ ठेवून पार व्हायचं.

ब्राह्मणपुरीला मित्राचं घर आहे. पोळा नुकताच झाला होता. गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून उतरला नव्हता. चहा होतो न होतो तोच मित्राचे वडील, आमचे नाना, आम्हाला पपईच्या बागेत घेऊन गेले. वाफ्यात पाणी साचलं होतं आणि दोन गडी फावड्याने चर काढत होते. पपईच्या मुळाशी पाणी दोन-तीन दिवस तुंबलं तर मुळं सडतात, पानं पिवळी पडून झाड उभ्या उभ्या बसतं. फळं धरलेली, उत्तरेकडचे व्यापारी थोड्याच दिवसांत ट्रक घेऊन येणार, आणि नेमकी आताच झड लागलेली. आम्ही ज्याला मस्त वातावरण म्हणत होतो ते नानांच्या दृष्टीने काय होतं, हे त्या चरापाशी कळलं.

संध्याकाळी मोबाइलवरचे अंदाज काढून बसलो. एकात ऊन, दुसऱ्यात मुसळधार. नाना ओट्यावरून उठले, उत्तरेला सातपुड्याकडे बघून म्हणाले, “डोंगरमा पानी शे, सांभाळीसन जा भो.” गावात तेव्हा चांदणं होतं.

याला कारण आहे. अरबी समुद्राकडून येणारं पाणी बरंचसं सह्याद्रीवरच रितं होतं, आणि तापीच्या खोऱ्याला त्यातलं कमीच मिळतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा मात्र सातपुडा झोडपून निघतो. सपाटीवर थेंब नसतानाही गोमाई आणि सुसरी एकाएकी गढूळ होऊन फुगतात त्या यामुळेच. रात्री कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. चेनला नव्वद नंबरचं ऑइल दिलं आणि झोपलो.

शुक्रवार, तोरणमाळ

म्हसावदहून राणीपूरचा रस्ता धरला. राणीपूरपर्यंत ऊन, काळापाणी सोडल्यावर ढग. सात पायरीच्या घाटात शिरलो तेव्हा रस्त्याची वळणं एकावर एक रचलेली वरपर्यंत दिसत होती. तिसऱ्या वळणानंतर पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. म्हणजे शहाद्याच्या सपाटीपासून हजारभर मीटर चढायचं, आणि एवढ्या चढात हवा सहा-सात अंशांनी उतरते. खाली घामाने चिकटलेला सदरा वर थंडगार पडतो. डॉक्टर मित्राने सगळ्यांना थांबवून कोरडे बनियन घालायला लावलं. हँडल धरलेली बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो, हे त्याचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे.

धुक्यात आमच्या पुढे एक जुनी स्प्लेंडर चालली होती. चालवणारा, मागे त्याची बायको, मध्ये पोर, टाकीवर धान्याचं पोतं. अंगावर फक्त प्लास्टिकचा कागद. तो माणूस प्रत्येक वळणाआधी हॉर्न देई, आतल्या बाजूला जागा सोडून बाहेरून वळे, आणि चढावर क्लच एकदाही अर्धवट दाबत नसे. आम्ही तोरणमाळपर्यंत त्याच्या मागे गेलो. घाट कसा चालवावा याचा याहून चांगला धडा मला आजवर कुणी दिलेला नाही.

वर यशवंत तलाव काठोकाठ होता. गोरक्षनाथाच्या मंदिरात आम्हीच. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. तीन राज्यांतून लोक येतात, पुष्कळसे चालत. सीताखाईपाशी तासभर उभे राहिलो. दरी पांढऱ्या ढगाने बुजलेली, पाणी पडल्याचा आवाज मात्र छातीत घुमत होता. मग पाच मिनिटं, जेमतेम पाचच, ढग फाटला आणि समोरचा अख्खा कडा, त्यावरून उतरणारं पाणी, खालचं जंगल सगळं उन्हात न्हालेलं दिसलं. कुणी फोन काढला नाही.

शनिवार, धडगाव

रात्रभर पाऊस. सकाळी गाड्यांना कोरडी जागा म्हणून नव्हती. घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, शहादामार्गे तळोदा गाठलं आणि चांदसैली घाटाने पुन्हा सातपुड्यात शिरलो.

या घाटाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. तळोदा आणि धडगाव यांना जोडणारा हा रस्ता पावसाळ्यात दरडींनी अधूनमधून बंद पडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तो असाच बंद होता, आणि चांदसैलीचा एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालत निघाला होता. ती वाटेतच गेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून बातमी आली, हळहळ झाली. घाट चढताना ती बातमी माझ्या डोक्यातून हलली नाही. दरडीच्या तांबड्या जखमा जागोजागी ताज्या होत्या. एका ठिकाणी अर्धा रस्ता दगडमातीखाली, उरलेल्या अर्ध्यावर जेसीबी, आणि दोन्ही बाजूंना जीपगाड्या थांबलेल्या. त्यातल्या एकीत पोटुशी बाई होती. जेसीबीवाल्याने आधी ती जीप काढली, मग दुधाची गाडी, मग आम्हाला. क्रम अगदी बरोबर होता.

धडगावला पोचतो तोच मास्तर मित्राचं मागचं चाक बसलं. गॅरेजवाला पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधले, खडूने खूण केली, घासून ठिगळ लावलं, आणि टायरच्या आतून सबंध बोट फिरवून बाभळीचा काटा काढून मास्तरच्या तळहातावर ठेवला. काटा न काढता नुसती ट्यूब जोडणारे शहरात पुष्कळ भेटतात. शेजारच्या दुकानात आमचूरची पोती रचलेली होती. उन्हाळ्यात इथल्या घराघरांत कैऱ्या सोलून वाळवतात. अक्राणी तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांचा रोख पैसा तो. आम्ही किलो-किलो घेतलं.

रविवार, बिलगाव

उघडीप. उदई नदी इथे खडकावरून अनेक धारांनी कोसळते आणि पुढे नर्मदेला मिळते. धबधबा सुंदर आहेच, पण मी आलो होतो दुसऱ्या गोष्टीसाठी. २००३ मध्ये इथल्या आदिवासींनी श्रमदान करून, केरळच्या दोन तरुण अभियंत्यांच्या साथीने, याच पाण्यावर छोटा वीजप्रकल्प उभारला. पाडे पहिल्यांदा उजळले. ‘स्वदेस’ चित्रपटामागची एक प्रेरणा ही. २००६ च्या पुरात तो प्रकल्प गेला. चित्रपट पाहिलेले लाखो आहेत. बिलगावचं नाव ठाऊक असलेले किती? गावाने स्वतःच्या हिमतीने वीज आणली ही नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुपारी वरच्या अंगाला आभाळ भरलं. खाली ऊन होतं, पोहायला उतरलेली शहरी पोरं होती. एका पावरा आजोबांनी काठी उंचावून सगळ्यांना बाहेर बोलावलं. अर्ध्या तासात पाण्याचा रंग बदलला आणि मघाशी पोरं बसली होती तो खडक दिसेनासा झाला.

सोमवार, प्रकाशा

परतीला घाट मोकळा. प्रकाशाच्या पुलावर थांबलो. तापी दुथडी, बॅरेजचे दरवाजे उघडे. वर हतनूरमधून पाणी सोडलं की इथे काठावरच्या गावांना इशारा देतात. दर्शन घेतलं, निघालो. पुढचा मुक्काम सारंगखेडा. घोडेबाजाराच्या त्या गावाबद्दल पुढच्या भागात.

तुम्ही या रस्त्यांवर जाणार असाल तर जरूर जा, पावसातच जा. पेट्रोल शहाद्याला किंवा तळोद्याला भरून घ्या, जेवण आणि मुक्काम वरच्या गावांत करा, म्हणजे चार पैसे तिथे राहतील. आणि चांदसैलीच्या वळणावर फोटोसाठी गाडी आडवी लावू नका. मागून येणाऱ्या जीपमध्ये दवाखान्यात निघालेलं कुणी असू शकतं, आणि त्यांच्यासाठी दुसरा रस्ता जवळ नाही.