मोहरीएवढी गोळी

माझी आजी लालबागच्या एका गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला होती. पाळीला जाताना तान्हं मूल चाळीत शेजारणीच्या भरवशावर टाकून जायचं, म्हणजे ते निजून राहायला हवं. त्या काळात गिरणगावातल्या कितीतरी कामगार बायका सकाळी बाळाला अफूची बारीकशी गोळी चाटवून कामावर जात. माझे वडील, म्हणजे दादा, त्या गोळीवरच वाढले. आजी हे सगळं अगदी साधेपणानं सांगायची. मोहरीएवढी गोळी घ्यायची, दुधात कालवायची, बोटानं चाटवायची. सुटीच्या दिवशी ती गोळी देत नसे. मग दुपार कलली की दादा रडून घर डोक्यावर घेत. नाक वाहायचं, शिंकांवर शिंका, पातळ परसाकडं, पाय पोटाशी ओढून घेतलेले. मूल पाऊल टाकायला लागलं की गोळी सोडवायची वेळ यायची. ‘‘निम्मी करायची, मग त्याच्या निम्मी. एकदम तोडली तर पोर हातचं जायचं,’’ असं ती म्हणायची.

हे मी लहानपणी ऐकलं आणि विसरून गेले.

१९८२च्या गिरणी संपानंतर दादा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. १९९४ साली त्यांना जबड्याचा कॅन्सर झाला. शेवटचे महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. तोंडात टॉवेलचं टोक घट्ट धरून ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्यांना मॉर्फिन हवं होतं आणि आमच्या भागात ते कुणाकडंच नव्हतं. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले, की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. आणि याच देशात, नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात, सरकारी परवान्यानं अफू पिकत होती आणि औषधासाठी परदेशी जात होती. २०१४ साली कायदा बदलला, परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. दादांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. म्हणून कुणी ‘असली औषधं बंदच करून टाका’ म्हणालं, की मला राहवत नाही. मी त्या माणसाला दादांचा टॉवेल सांगते.

माझ्या वाट्याला आला तो कमरेचा मणका. गादी सरकली, ऑपरेशन झालं, पण डाव्या पायातली कळ राहिली ती राहिलीच. डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिलं. प्रयोगशाळेत तयार होणारं हे औषध मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसतं. त्या गोळीच्या जोरावर मी पुन्हा वर्गात उभी राहिले, फळ्यावर लिहू लागले, लेकीच्या लग्नात सगळी धावपळ केली. गोळीनं मला ही वर्षं दिली, हे मी कधीच नाकारणार नाही. हळूहळू एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

एप्रिल २०१८मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. औषधाचा गैरवापर वाढला होता, तेव्हा नियम लागणं रास्तच होतं. पण आमच्या नेहमीच्या दुकानदारानं गोळी ठेवणंच बंद केलं. दुसऱ्यानं नवी चिठ्ठी मागितली. चिठ्ठी देणारे डॉक्टर परगावी होते, आणि त्यांच्या जागी बसलेल्यांनी ‘साधी पॅरासिटामॉल घ्या’ म्हणून वाटेला लावलं. ही गोळी अचानक बंद करायची नसते, हे त्या साखळीतल्या एकाही माणसानं मला सांगितलं नाही.

सुरुवात जांभयांनी झाली. एकामागून एक, जबडा दुखेस्तोवर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. संध्याकाळपर्यंत अंग मोडून आलं. मे महिन्यात मी गोधडी घेऊन कुडकुडत होते आणि गोधडीखाली घामानं भिजत होते. हाताकडं पाहिलं तर मनगटापासून कोपरापर्यंत एकेक केस ताठ उभा. पोटात मुरडा, जुलाब. पण सगळ्यांत वाईट होते ते पाय. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतंय, पाय झाडल्याशिवाय चैन नाही, झाडले तरी नाही. रात्रभर मी घरात फेऱ्या मारत होते. त्यात मान वळवली की डोक्यात वीज सळसळून जायची. ट्रामाडॉल वेदनेबरोबर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिनलाही हात घालतं, त्यामुळं ते सुटताना अफू सुटल्याची लक्षणं येतात आणि नैराश्याचं औषध सुटल्याचीही. घरच्यांना वाटलं डेंग्यू. रक्त तपासलं, काही निघालं नाही. ‘‘आई, मन घट्ट कर,’’ लेक म्हणाली. बिचारी दुसरं काय म्हणणार!

पुण्यात राहणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला हे ओळखता यायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी इथंच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांचं ‘गर्द’ पुस्तक आम्ही सगळ्यांनी वाचलेलं. ‘टर्की’ म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, ते ठाऊक होतं. पण टर्की लागते ती गर्दुल्ल्याला, चिठ्ठी घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला नाही, असंच आपल्या सगळ्यांच्या मनात बसलंय. शरीराला हा भेद कळत नाही.

शेवटी एका पेन क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘शेवटची गोळी कधी घेतली होती?’’ त्या एका प्रश्नानं मला रडू फुटलं. त्यांनी समजावलं ते असं. वेदना शमवणारी द्रव्यं शरीर स्वतःच बनवतं. शेजारून रोज भरला डबा यायला लागला की घरची चूल थंड पडते, तसं बाहेरून औषध आलं की शरीराचं स्वतःचं कामकाज मंदावतं. शिवाय मेंदूच्या देठात पेशींचा एक छोटा ठिपका असतो, तो नॉरॲड्रेनलिन सोडून शरीराला सावध ठेवतो. औषध त्याला दाबून धरतं, आणि तो त्या दाबाला तोंड द्यायला जास्त जोर लावायला शिकतो. दाब एकदम निघाला की सगळा जोर मोकाट. घाम, काटा, धडधड, जागरण हे सगळं तिथून. हे व्यसनी वृत्तीचं लक्षण नाही, ज्याच्या त्याच्या शरीरात हेच घडेल, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पुढं मी वाचत गेले. औषध मेंदूत नेमकं कुठं चिकटतं ते कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ साली दाखवून दिलं. पर्ट स्वतः त्याआधी घोड्यावरून पडून मणक्याच्या दुखापतीनं अंथरुणाला खिळलेली होती, मॉर्फिनची इंजेक्शनं घेत होती. हे वाचून मला फार आधार वाटला. मणक्यानं आडवी पडलेली एक तरुण मुलगी, आणि तिला प्रश्न पडतो की हे औषध माझ्या आत जाऊन करतं तरी काय!

डॉक्टरबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. ऐकून घरचे चक्रावले. पण उतरायचं तर आधी नीट पायरीवर उभं राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सावकाश विरघळणाऱ्या गोळीचे तुकडे करायचे नसतात, म्हणून कमी ताकदीच्या कॅप्सूल दिल्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं महिन्याला साधारण दहा टक्क्यांपर्यंतच कमी करावं, असा हिशेब. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथंच थांबायचं, पुढची पायरी लांबवायची. रात्रीसाठी क्लोनिडिन, तेही रक्तदाब पाहून. आणि एक ताकीद वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिली : मधे कितीही दुखलं तरी जुन्या मापानं गोळी घ्यायची नाही, कारण सवय उतरलेल्या शरीरात तेच माप श्वास थांबवू शकतं.

आजीचा निम्म्याच्या निम्म्याचा हिशेब मला तेव्हा आठवला, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचं वर्ष खडतर होतं, पण त्या मे महिन्यासारखं एकदाही झालं नाही. गरम पाण्याच्या बादलीत पाय, मीठसाखरेचं पाणी, पहाटे गच्चीवर चालणं. झोप सगळ्यांत शेवटी परतली. त्याआधी परतलं रडू. रेडिओवर भूपाळी लागली तरी डोळे भरून यायचे; इतकी वर्षं वेदनेबरोबर बाकीचंही किती बधिर झालं होतं, ते तेव्हा कळलं. आणि पायातली कळ? ती आहे. पण चार गोळ्या घेत असताना होती त्याहून कमी आहे. हे औषध फार काळ चाललं की काहींच्या नसा उलट जास्त हळव्या होतात, हे मला माझ्या डाव्या पायानं दाखवून दिलं.

‘मन घट्ट कर’ हे वाक्य मात्र मला कुणालाच म्हणवत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या हातात तीच पाकिटं दिसतात. मी त्यांना गोळ्या सोडा असं सांगत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा म्हणते, की कधी थांबवायचं ठरलं तर कशा उतरवायच्या, आणि ते उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता माझा उजवा गुडघा बदलायचा आहे. त्यानंतर काही दिवस हेच औषध, किंवा याच्या जातीतलं दुसरं, लागणार. भूलतज्ज्ञांना मी सगळा इतिहास सांगितला. दादांसारखं टॉवेल चावत पडायचं नाही, हेही सांगितलं. त्यांनी फाईलमध्ये माप लिहिलं, दिवस लिहिले, आणि गोळी कुठल्या तारखेला थांबणार तेही आत्ताच लिहून ठेवलं. पाकीट लेकीकडं राहील. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे.