उन्हाळ्यातला महाराष्ट्र : उंची, वेळ आणि तारीख

पुणे,
गुढीपाडवा



महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. राजस्थान आणि मध्य प्रदेशानंतर देशात त्याचा तिसरा क्रमांक लागतो. उन्हाळी प्रवासाची आखणी करताना मात्र या विस्तारापेक्षा सह्याद्री अधिक महत्त्वाचा ठरतो. समुद्राला समांतर धावणाऱ्या या डोंगररांगेने राज्याची हवाच वाटून टाकली आहे. पश्चिमेला दमट कोकण, पूर्वेला कोरडे पठार आणि मधोमध थंड माथे. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. रत्नागिरीत तो ३३च्या आसपास राहतो, पण घामाने जीव नकोसा होतो. महाबळेश्वरी दुपारी तिशीच्या जवळपास असतो आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावे लागते. त्यामुळे इथे ठिकाण ठरवताना अंतराआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : उंची, दिवसाची वेळ आणि पावसाची तारीख.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. ब्रिटिशांनी उन्हाळ्यासाठी जागा शोधल्या त्या याच आधारावर. सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरचे महाबळेश्वर मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२०च्या दशकाअखेर वसवले गेले. तिथल्या बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव मिळाले आणि पुढे हे गाव मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी झाले. पर्यटक बहुतेक ‘पॉइंट’ पाहून परततात. क्षेत्र महाबळेश्वर मात्र याहून कितीतरी जुने आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथल्या पंचगंगा मंदिरात मानला जातो. स्ट्रॉबेरीचा हंगाम एप्रिलपर्यंत सरत येतो. मे महिन्यात जाणाऱ्याला स्ट्रॉबेरी कमी आणि गर्दी जास्त मिळते, म्हणून शनिवार-रविवार टाळावेत. पाचगणीचे टेबललँड हे जांभ्या दगडाचे सपाट पठार आणि १६५६ साली बांधून झालेला प्रतापगड ही दोन्ही ठिकाणे याच मुक्कामातून होतात.

माथेरान उंचीने कमी, जेमतेम आठशे मीटर. पण तिथे मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवून पुढे पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने जावे लागते. नेरळहून वर चढणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. लाल मातीच्या वाटांवर झाडांची दाट सावली असते, त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर हे ठिकाण सोयीचे. भंडारदऱ्याला प्रवरेवरचे १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आहे आणि जवळच १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर. शिखराची चढण पहाटे सुरू करून ऊन तापण्याआधी खाली उतरावे.

सातपुड्यातली दोन ठिकाणे मात्र पुण्या-मुंबईकडच्या लोकांच्या यादीत क्वचितच येतात. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे. विदर्भातले हे एकच थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले, अशी आख्यायिका आहे. कॉफीची लागवड, कोरकू वस्त्या आणि १८०३ साली आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून जिंकून घेतलेला गाविलगड ही या परिसराची ओळख. भोवती मेळघाटचे जंगल आहे. व्याघ्र प्रकल्पाची योजना देशात सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ साधारण तितक्याच उंचीवर आहे. वर यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी. इंदूरहून धुळ्याच्या रस्त्याने येणाऱ्याला शहाद्यावरून तिथे जाणे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी जवळ पडते. सोयी मोजक्याच आहेत, त्यामुळे राहण्या-जेवणाची चौकशी आधी केलेली बरी.

पठारावर उंची कामाला येत नाही, तिथे घड्याळ पाहावे लागते. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन आहेत. लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी कड्याची सावली त्यांच्यावर असते आणि दुपारनंतर ऊन थेट समोरून येते. कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६, कळसापासून पायाकडे कोरत आणलेले एकसंध मंदिर आहे. आठव्या शतकातले हे काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले मानले जाते. त्याचे उघडे अंगण सकाळीच पाहून घ्यावे. मंगळवारी वेरूळ बंद असते, सोमवारी अजिंठा.

अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, दोन टप्प्यांत ही लेणी खोदली गेली. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी आधी पाहावीत, कारण आत अंधार असतो आणि डोळे सरावायला वेळ लागतो. खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि तिथून बसने जावे लागते. दरीत दुपारी खडक तापतो, म्हणून दार उघडताच आत शिरणे शहाणपणाचे.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर बेसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी खारे आणि क्षारयुक्त. जून २०२०मध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी सरोवराला पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला. काठावरून दिसणारे दृश्य थक्क करते, पण तळाशी उतरायचे तर उजाडताच निघावे. गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाल्यापासून वेरूळ, लोणार आणि नागपूर एकाच फेरीत जोडता येतात. उन्हात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर जुने टायर फुटतात, म्हणून निघण्यापूर्वी टायर आणि त्यातली हवा तपासावी.

पूर्व विदर्भात उन्हाळ्यात जाण्याला एकच सबळ कारण आहे, ते म्हणजे जंगल. पानगळीने रान विरळ झालेले असते, नाले आटतात आणि जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. म्हणूनच चंद्रपूरच्या ताडोबात सर्वांत कडक उन्हाळ्यात वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. १९५५ साली घोषित झालेले हे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद राहते. सफारी सकाळी आणि दुपारनंतर असते, आरक्षण बरेच आधी करावे लागते. उघड्या जिप्सीत चार तास बसायचे, तेव्हा डोक्याला सुती उपरणे आणि पुरेसे पाणी हवे. वाघ दिसेलच असे नाही, पण गवे, अस्वले, रानकुत्रे आणि पाणवठ्यावरचे पक्षीही कमी मोलाचे नाहीत. जाता-येता वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला थांबावे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. माती, बांबू आणि कौलांची बापू कुटी उन्हाळ्याला तोंड देणारे घर कसे बांधावे याचा नमुना आहे.

कोकणात उन्हाळ्यात जायचे ते फळांसाठी. हापूस, फणस, करवंदे, काजू, कोकम, जांभळे यांचा हंगाम एप्रिल-मेमध्ये एकमेकांत मिसळतो. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. चहूकडे समुद्र असूनही किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्ले आहेत. किनाऱ्यावर फिरणे सकाळी आणि सूर्यास्ताला, दुपार पडवीत सोलकढी पिऊन काढावी. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात.

इथे तारखेचा प्रश्न येतो. पाऊस दक्षिण कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो, पण २०२५ साली मुंबईत तो २६ मेलाच आला. त्यामुळे कोकणचा बेत १५ मेच्या आत उरकावा. काजव्यांसाठी मात्र मेची अखेर ते मध्य जून हाच काळ. भंडारदरा-घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे रात्री लुकलुकत असतात. हा प्रकाश म्हणजे जोडीदारासाठीचा संकेत. गाडीचे दिवे, विजेरी आणि गोंगाट यांनी त्यात अडथळा येतो, म्हणून अंधारात आणि शांतपणे पाहावे. याउलट कास पठारावरची फुले सप्टेंबरची, तर आंबोली आणि ठोसेघरचे धबधबे पावसाळ्यातले. मे महिन्यात त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे मेच्या मध्यासाठी मार्चच्या मध्यापासून. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास स्वस्तात हिंडणाऱ्याच्या कामाचा. सगळे राज्य एका सुटीत पाहण्याचा हट्ट बहुतेकांना भोवतो. निम्मा वेळ रस्त्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचतो तो नेमका भर दुपारी. एका सुटीला एकच पट्टा घ्यावा : सह्याद्रीचे माथे, लेणी आणि लोणार, विदर्भाचे जंगल किंवा कोकण. इंदूरहून मुले घेऊन येणाऱ्याला मात्र पहिल्या वर्षी वाटेवरचे तोरणमाळ आणि वेरूळ-अजिंठा ही जोडी सर्वांत बरी. तिकिटे याच आठवड्यात काढावीत.

तुझा,
मामा