पंचकल्याणी घोडा आणि दहा रिंगा

दोंडाईचाहून शहाद्याच्या वाटेला लागले की तापीवरचा लांबलचक पूल येतो आणि पलीकडे सारंगखेडे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि घोड्यांचा तो नामांकित बाजार!

देवदर्शन उरकून आम्ही मंडळी बाजारात शिरलो. मारवाडी, काठेवाडी जनावरे ओळीने बांधलेली. एक पागोटेवाले आजोबा घोड्याचा जबडा उघडून दातांवरून वय काढीत होते. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. म्हणजे पंचकल्याणी, शुभलक्षणी! तरी आजोबांनी रेवाल चालीने दोन फेऱ्या मारायला लावल्याच. मी विचारले तेव्हा म्हणाले, "पट्टा नशिबासाठी, भाऊ. पैसे मोजायचे ते पाय बघून."

पलीकडेच रिंगवाल्याचे दुकान. साबण, बाहुल्या, मधोमध मनगटी घड्याळ. रिंग मात्र त्या खोक्यावरून जेमतेम उतरेल एवढीच. आमच्या भाच्याने दहा रिंगांत साबणाची एक वडी पटकावली, आणि वर "नेम लागतो हो मामा!" हेही ऐकवले.

हा नेम की नशीब, याचा काथ्याकूट कोर्टांनीही पुष्कळ केला आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीनपानीला नशिबाच्या पंगतीत बसवले. कारण रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात जमा झाल्या. घोड्याची जात, ताकद आणि स्वाराची हुशारी जोखता येते म्हणून.

आजोबांना पाहिल्यावर हा निकाल मला पटला. पण त्यावरून मोकळीक द्यावी, हे काही पटेना. घोड्याच्या सौद्यात फसलेला निदान घोड्यावर बसून घरी जातो! मोबाइलवर रात्रभर रमी खेळून पगार घालवणाऱ्याने पाने कितीही ध्यानात ठेवली, तरी समोर त्याहून तरबेज कोणी बसलेला असतोच, आणि खेळ चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच त्यातून काढून टाकला. रमी कंपन्यांचा त्यावर मोठा आक्षेप. भाचाही त्यांच्याच बाजूचा. साबणाची वडी त्याने पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.