दोन डिस्क, एकच प्रत

घरच्या फोटोंसाठी कोणते नॅस घ्यावे, तेवढे सोप्या भाषेत लिहा, असा संपादकांचा आग्रह. नॅस म्हणजे राउटरला जोडून ठेवायचे, हार्ड डिस्क बसवलेले छोटे यंत्र. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप आपल्या फाइली त्यावर ठेवतात. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण संपली आणि १५ जीबीत सगळा संसार बसवायची वेळ आली, तेव्हापासून या यंत्राबद्दल लोक मला सारखे विचारतात. प्रश्न ठरलेले: किती टीबीचे घेऊ? आणि दोन डिस्कचे घेतले की फोटो सुरक्षित ना? पहिल्याचे उत्तर सोपे आहे, आज लागते त्याच्या दुप्पट-तिप्पट. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते ऐकायला कोणी तयार नसते.

दोन डिस्कच्या यंत्रात सहसा मिररिंग, म्हणजे रेड-१, चालू करतात. एका डिस्कवर लिहिलेले सर्व काही त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. ‘सर्व काही’ यात चुकाही आल्या. लग्नाच्या फोटोंचा फोल्डर कोणी उडवला, तर तो दोन्हीकडून एकदमच उडतो. रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात मांडली, ती एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क वापरण्यासाठी. डिस्क वाढल्या की एखादी बंद पडण्याची शक्यताही वाढते, म्हणून जादा माहिती लिहून ठेवायची. एवढ्याच संकटावरचा तो उपाय आहे. वीज कडाडून यंत्रच जळाले, चोराने ते उचलून नेले किंवा त्यात व्हायरस शिरला, तर तो निरुपयोगी.

ही नुसती भीती नव्हे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची ‘माय बुक लाइव्ह’ यंत्रे इंटरनेटवरून कोणीतरी फॅक्टरी रीसेट केली आणि लोकांच्या फाइली गेल्या. कंपनीने या यंत्रांचे अपडेट २०१५ मध्येच थांबवले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस यंत्रे गाठली, फाइली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. अशा वेळी मिररिंग असले तर कुलूपही दोन्ही डिस्कना लागते.

यावर म्हणतात, डिस्क बंद पडली तर? पडतेच कधी ना कधी, आणि तेव्हा मिररिंगमुळे काम थांबत नाही. बँकेला ते हवेच. घराला मात्र दोन दिवस जुन्या फोटोंवाचून राहता येते, प्रत दुसरीकडे असली की झाले. शेवटच्या प्रतीनंतरचे फोटो जातील, हे खरे. म्हणून ऐपत असेल तर मिररिंगही घ्यावे, पण आधी वेगळी प्रत, मग ते. दुसरा आक्षेप स्नॅपशॉटचा. कालची, परवाची स्थिती जपणारी ही सोय खरोखर उपयोगी आहे, उडवलेला फोल्डर तिने परत मिळतो. पण स्नॅपशॉटही त्याच डबीत राहतात. आणि क्लाउड? दुसरी प्रत म्हणून उत्तम. एकमेव प्रत म्हणून नको, कारण खाते बंद पडले तर दाद मागायला खिडकी नसते.

तेव्हा बजेट मोजके असेल, तर माझा कौल एका डिस्कच्या नॅसला आणि उरलेल्या पैशात तेवढ्याच क्षमतेच्या यूएसबी डिस्कला. महिन्यातून एकदा तिच्यावर प्रत काढायची आणि ती मामाकडे किंवा बहिणीकडे ठेवायची. यंत्र निवडताना तीन गोष्टी पाहा: सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, स्नॅपशॉट आहेत का, आणि लाइट गेल्यावर यूपीएसचा इशारा समजून ते स्वतःहून नीट बंद होते का. डिस्क सीएमआर प्रकारची घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे जुन्या जागी पुन्हा लिहिताना ती रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क अशा निघाल्यावर मोठा गदारोळ झाला होता. त्यावर अख्खा लेख लिहिता येईल, पण आवरतो. राउटरचे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. वर्षातून एकदा त्या दुसऱ्या डिस्कवरचे पन्नासेक फोटो प्रत्यक्ष उघडून बघा. हा सल्ला सगळे मान डोलावून मान्य करतात आणि अमलात मात्र क्वचितच कोणी आणतो. दोन डिस्कची यंत्रे एवढी खपतात ती मला वाटते याचमुळे: पैसे एकदाच मोजावे लागतात, आठवण दर महिन्याला ठेवावी लागत नाही.